तोफगोळ्याचा भाव

भद्रावतीची ओळख बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टींनी असते: पार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला तिसरीही ठाऊक असते, ती म्हणजे आयुध निर्माणी. जिल्ह्याचे नाव बदलून चंद्रपूर झाले, पण निर्माणीच्या नावात जुना चांदाच राहिला. जंगलाला लागून असलेल्या तिच्या परिसरात बिबट्या दिसला की स्थानिक वर्तमानपत्रांत त्याची बातमी येते. आत काय चालते, याची बातमी मात्र क्वचितच येते.

आत चालते ती मुख्यतः भरणी. तोफगोळ्याचे पोलादी कवच दुसरीकडून येते आणि त्यात इथे स्फोटक ओतले जाते. टीएनटी साधारण ८० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ते वाफेवर पातळ करता येते. ते ओतताना घाई चालत नाही आणि थंड करताना तर मुळीच नाही. आत एखादी पोकळी किंवा चीर राहिली, तर तोफेच्या नळीत गोळ्याला बसणाऱ्या प्रचंड धक्क्याने तो नळीतच फुटू शकतो आणि शत्रूऐवजी आपलेच तोफची मरतात. ही कामे सीमेपासून लांब, लोहमार्गाजवळ आणि वस्तीपासून दूर व्हावीत, म्हणून विदर्भाची निवड झाली. भंडाऱ्याजवळची जवाहरनगरची निर्माणी, नागपूरची अंबाझरी आणि चांदा या तिन्ही १९६० च्या दशकातल्या. चीनच्या युद्धाने शिकवलेला धडा त्यांच्या उभारणीत होता. यशवंतराव चव्हाण दिल्लीत संरक्षणमंत्री होते, तो हा काळ.

तोफगोळा म्हणजे एक वस्तू नव्हे. कवच, त्यातले स्फोटक, त्याला नळीतून बाहेर ढकलणारे बारूद आणि योग्य क्षणी स्फोट घडवणारा फ्यूझ, अशा चार जिनसांचा तो मेळ असतो. चारांपैकी तीन तयार असल्या आणि चौथी परदेशातून यायची राहिली असली, तर कोठारात असतात ती नुसती जड लोखंडी नळकांडी. परदेशी शस्त्रपुरवठ्यावरची आपली चर्चा नेहमी विमानांभोवती फिरते, कारण विमानाचा फोटो चांगला येतो. परावलंबनाची खरी किंमत पाहायची असेल, तर या चार जिनसांचा माग काढणे अधिक उपयोगाचे.

आधी कारगिलकडे. १९९९ च्या त्या लढाईत भारतीय तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि अग्निबाण डागले. लढाई फिरवली ती बोफोर्सच्या १५५ मिलिमीटर तोफेने. तोफ स्वीडनची होती आणि तिनेच लाज राखली, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. परदेशी शस्त्र घेणे म्हणजे दरवेळी घोडचूक, असे मानणाऱ्यांनी टोलोलिंग आणि टायगर हिल आठवावे. अडचण तोफेची नव्हती, तिच्या पोटाची होती. साठा अपुरा पडला आणि जगाच्या बाजारात धावाधाव सुरू झाली. त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी पुढे जाहीरपणे सांगितले, की बहुतेक पुरवठादारांनी भारताची निकड ओळखून भाव लावला. उपग्रहाच्या एकेका छायाचित्राला ३६ हजार रुपये मोजले आणि नंतर कळले, की ती चित्रे तीन वर्षांपूर्वीची होती. कुठून तरी मागवलेला दारूगोळा निघाला सत्तरच्या दशकातला.

ऐन लगीनसराईत मंडपवाल्याच्या दारात उभे राहिलेल्या वधुपित्याशी जसा व्यवहार होतो, तसाच हा झाला. मंडपवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. मुहूर्त गाठायची गरज आपली असते.

आणि आता तर भाव वाढवायला भारताच्या लढाईचीही गरज उरलेली नाही, दुसऱ्याची लढाई पुरते. युक्रेनवर २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केले आणि दीड वर्षात १५५ मिलिमीटरचा गोळा दोन हजार युरोंवरून आठ हजार युरोंपर्यंत गेला. हा आकडा ऑक्टोबर २०२३ मध्ये नाटोच्या लष्करी समितीचे अध्यक्ष अॅडमिरल रॉब बाउर यांनीच दिला होता. श्रीमंत युरोपने तीस वर्षे शांततेच्या भरवशावर आपले दारूगोळ्याचे कारखाने आखडते घेतले होते. ते पुन्हा उघडायला निघाल्यावर त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली: बारूद करायला कापूस लागतो.

हा मुद्दा वरोरा, राजुरा, कोरपन्याच्या शेतकऱ्याने वाचण्यासारखा आहे. तोफेचे बारूद नायट्रोसेल्युलोजपासून बनते. ते सेल्युलोज येते सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंतून. जिनिंगमध्ये लांब धागा निघून गेल्यावर सरकीवर जी लव उरते, तीच लिंटर. युरोपातील कारखाने या लिंटरसाठी मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून आहेत आणि त्यांचे उद्योगपती व मंत्री त्यावर उघड चिंता व्यक्त करत आले आहेत. विदर्भाला या जिनसेची टंचाई नाही. बोंडअळीने, पावसाने आणि हमीभावाने गांजलेल्या पट्ट्यात जगातल्या संरक्षण-बाजाराला हवा असलेला कच्चा माल पिकतो. त्याची चर्चा ना कृषी विद्यापीठात होते, ना संरक्षण उद्योगाच्या परिषदांत.

बारुदाबाबत आपली स्वतःची कहाणीही काही शोभेची नाही. बोफोर्सच्या गोळ्याला ढकलणारे मॉड्यूल पद्धतीचे बारूद देशात बनवायचे, म्हणून बिहारमधल्या नालंदा इथे १९९९ मध्ये संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या हस्ते पायाभरणी झाली. तंत्रज्ञान देणार होती दक्षिण आफ्रिकेची डेनेल. २००५ मध्ये दुसऱ्याच एका व्यवहारातल्या दलालीच्या आरोपावरून डेनेल काळ्या यादीत गेली. मग इस्रायलची आयएमआय कंपनी आली. तीही लाचखोरीच्या प्रकरणात अडकली आणि काळ्या यादीत गेली. दरम्यान प्रकल्पाचा खर्च सुमारे ९४१ कोटी रुपयांवरून २,१६० कोटींवर पोचला. कारखाना बिहारात, परवाना परदेशात आणि चौकशी सीबीआयकडे, अशी ती त्रेधा. भद्रावतीत कितीही चोख भरणी झाली तरी नळीतून गोळा ढकलणारे बारूद बाहेरूनच मागवायचे, असे वर्षानुवर्षे चालले.

काळ्या यादीचा हा प्रश्न अवघड आहे. लाच देणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण पुरवठादार एकच असेल तर शिक्षा विक्रेत्यापेक्षा गिऱ्हाइकाला अधिक होते. २४ मार्च १९८६ रोजी बोफोर्सच्या ४१० तोफांचा १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला. पुढच्या वर्षी स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी फोडली. त्यानंतर तीस वर्षे देशाने मोठी नवी तोफ घेतली नाही. अमेरिकेकडून १४५ एम-७७७ तोफा घेण्याचा करार उजाडला तो नोव्हेंबर २०१६ मध्ये. मधल्या काळात चालू तोफांसाठी बंद तोफांचे भाग काढून वापरावे लागले. गंमत अशी, की बोफोर्सच्या करारात तंत्रज्ञानाची कागदपत्रे मिळाली होती. ती धूळ खात पडली आणि त्यांच्याच आधारे 'धनुष' तोफ घडवायचे सुचले ते पाव शतकानंतर. इथे परदेशी कंपनीने आपल्याला अडवले नव्हते. आपण आपल्याच कपाटाची किल्ली हरवून बसलो होतो.

नौदलाची उदाहरणे मराठी वाचकाला जवळची, कारण त्यातली बरीचशी माझगाव गोदीत घडली. सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार २००५ चा. खर्च सुमारे १८,८०० कोटींवरून २३,५०० कोटींच्या वर गेला आणि पहिली 'कलवरी' नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये. तिच्यासाठी निवडलेला 'ब्लॅक शार्क' टॉर्पेडो इटलीच्या ज्या उद्योगसमूहाचा होता, त्याचेच नाव ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टर प्रकरणात आले. टॉर्पेडोची खरेदी रद्द झाली. नव्याकोऱ्या पाणबुडीला जुन्या जर्मन टॉर्पेडोंवर भागवावे लागले. 'विक्रमादित्य'ची कथा तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. रशियाने २००४ मध्ये जहाज फुकट आणि दुरुस्ती ९७ कोटी ४० लाख डॉलरना देऊ केली. जहाज उघडल्यावर कळले, की तारा-नळ्या बहुतेक सगळ्याच बदलाव्या लागणार. २०१० पर्यंत आकडा २३५ कोटी डॉलरवर गेला. तोवर इतके पैसे गुंतले होते, की माघार घेणे त्याहून महाग पडले असते. जहाज हाती आले नोव्हेंबर २०१३ मध्ये, ठरल्या वेळेपेक्षा पाच वर्षे उशिरा.

विक्रेत्याने भाव एका सेंटनेही वाढवला नाही, तरी खर्च वाढतोच. २०११ च्या सुरुवातीला डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता; २०२५ मध्ये तो पंच्याऐंशीच्या पुढे गेला. म्हणजे जुन्या करारातला तोच सुटा भाग, त्याच डॉलर किमतीला, रुपयात जवळपास दुप्पट पडतो. लढाऊ विमान किंवा पाणबुडी तीस-चाळीस वर्षे वापरायची असते आणि खरेदीच्या किमतीपेक्षा तिच्या देखभालीवर अधिक पैसा जातो. निविदेतला आकडा हा फक्त पहिला हप्ता असतो. वर्तमानपत्रांत मात्र तोच ठळक छापून येतो.

यावर उत्तर ठरलेले असते: मग सगळे इथेच बनवा. पण इथे बनवलेले आपोआप स्वस्त होत नाही. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेले सुखोई-३० विमान सुमारे ४१७ कोटींना पडले, तर तेच रशियातून तयार आणले असते तर सुमारे २७० कोटींना, असे सरकारी आकडेच सांगत होते. हा फरक पाहून स्वदेशीची टिंगल करणे सोपे आहे. पण त्या जास्तीच्या रकमेतून ओझरमध्ये विमान उघडून दुरुस्त करणारे हात तयार झाले. रशिया स्वतःच्या युद्धात गुंतल्यावर त्या हातांची किंमत कळली. नुकसान तिथे होते, जिथे जास्त पैसेही जातात आणि विद्याही येत नाही. परदेशी पेट्या उघडून सुटे भाग जोडायचे आणि वर देशी नाव रंगवायचे, एवढेच होते. तेजसच्या नव्या आवृत्तीसाठी अमेरिकेच्या जीई कंपनीकडे २०२१ मध्ये ९९ इंजिने मागवली, ७१ कोटी ६० लाख डॉलरना. पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला नाशिकच्या नव्या जुळणी-शाखेतून पहिले तेजस मार्क-१ए उडाले. विमान ओझरचे, पण पुढची विमाने किती वेगाने निघणार हे ठरणार मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी.

चांद्याकडे परत येताना चौथी जिनस पाहू: फ्यूझ. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये संसदेपुढे ठेवलेला अहवाल आजही अस्वस्थ करतो. चाळीस दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतका साठा असावा, असा लष्कराचा दंडक होता. तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांचाही नव्हता. मोठ्या तोफांच्या दारूगोळ्यापैकी ८३ टक्के गोळे फ्यूझअभावी युद्धाला निरुपयोगी होते. यात परदेशाचा काही दोष नव्हता. नियोजन इथलेच फसले होते. अशा वेळी मग आणीबाणीचे अधिकार वापरून परदेशातून खरेदी होते आणि आणीबाणीतला भाव विकणारा ठरवतो. सुधारणाही झाली, हे नोंदवायला हवे. डिसेंबर २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुणे केंद्राला इलेक्ट्रॉनिक फ्यूझसाठी दहा वर्षांचा ५,३३६ कोटींचा करार मिळाला. त्यात रकमेपेक्षा दहा वर्षे ही मुदत महत्त्वाची आहे. पुढची दहा वर्षे मागणी राहणार हे कळले, की कारखानदार यंत्रे घेतो, माणसे शिकवतो आणि छोट्या पुरवठादारांची साखळी धरून ठेवतो.

दर्जाचा प्रश्न याहून कडू आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह अनेक जवान आणि अग्निशामक गेले. तिथे साठवलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांमधून टीएनटी पाझरत होते आणि ते सुरुंग देशी होते. 'धनुष'ला जर्मन म्हणून पुरवलेली बेअरिंगे चिनी बनावटीची निघाल्याबद्दल सीबीआयने २०१७ मध्ये गुन्हा नोंदवला. स्वदेशी या शिक्क्याने स्फोटक स्थिर राहत नाही आणि बेअरिंगही टिकत नाही.

देशी उत्पादनाची किंमत माणसांच्या जिवानेही मोजली जाते, आणि ती विदर्भ मोजतो. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावच्या खासगी स्फोटक कारखान्यात नऊ कामगार गेले. त्यात बहुसंख्य महिला होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोटाने इमारत कोसळून आठ जण गेले. आयातीत वाचलेल्या डॉलरचा हिशेब मांडताना हा रकाना कोणी भरत नाही.

राहिली पहिली जिनस, म्हणजे कवचाचे पोलाद. तिची चांदा जिल्ह्यातली हकिगत सर्वांत जुनी आणि सर्वांत चुकलेली. लोहाऱ्याच्या टेकडीतले खनिज इतके उत्तम, की स्थानिक भट्ट्यांत त्याचे लोखंड पिढ्यान्‌पिढ्या निघत होते. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्झ या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातल्या लोखंड उद्योगाच्या शक्यतांवर अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि भारतात पोलाद काढायचे त्यांच्या मनाने घेतले. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला लागणाऱ्या कोकसाठी योग्य नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांचे अमेरिकन तज्ज्ञ याच रानात हिंडले आणि निराश झाले. पुढे दोराबजींना नागपूरच्या संग्रहालयातल्या भूशास्त्रीय नकाशाने छत्तीसगडची वाट दाखवली आणि अखेर कारखाना गेला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. चांद्याच्या वाट्याला अहवालाच्या शीर्षकातला उल्लेख आला.

शतकभराने तेच लोखंड पुन्हा गाजते आहे, ते गडचिरोलीत. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडला खाण आणि चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला पोलाद प्रकल्प. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी सुरजागडच्या पायथ्याशी सत्तरहून अधिक वाहने जाळली होती. आज त्याच रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग असते आणि धुळीबद्दल, अपघातांबद्दल आणि ग्रामसभांच्या हक्कांबद्दल गावांच्या तक्रारीही असतात. इथले लोखंड संरक्षणाच्या कामी येईल, असे भाषणांत सहज म्हटले जाते. पण खनिज आणि तोफेची नळी यांच्यात धातुशास्त्राची अनेक वर्षे असतात. विशिष्ट मिश्रधातू, घडाई, उष्णतासंस्कार, चाचणी यांतले काहीही नुसत्या खाणीतून निघत नाही. माडिया गावांनी डोंगर द्यायचा आणि विशेष पोलाद मात्र बाहेरूनच आणायचे, असा सौदा झाला तर तो दोन्हीकडून तोट्याचा.

गडचिरोलीने तर नक्षलवाद्यांशी एक संपूर्ण लढाई पाहिली. १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या पोलिसांच्या सी-६० पथकाने ती मुख्यतः पायी लढली. मदतीला आली ती साधने जगभरातली. सुरुंगरोधी गाड्यांचे मूळ दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पर गाडीत, रायफल रशियन वंशाची, हेलिकॉप्टर युरोपचे. पण जंगलात ज्या गोष्टीने फरक पाडला ती आयात करता येण्याजोगी नव्हती: गोंडी-माडिया बोलणारे, नाले-पहाड पायाखालचे असलेले स्थानिक पोरगे. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला सुरुंगस्फोटात पंधरा पोलिस गेले ते साध्या खासगी वाहनातून जाताना. तिथे तंत्र नव्हे, वाहतुकीची शिस्त मोडली होती. १५ ऑक्टोबर २०२५ ला भूपती या नावाने ओळखला जाणारा नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तोवर शस्त्रांचा बाजार पुढे गेला होता. ड्रोन हे नवे चलनी नाणे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराच्या ४०० ड्रोनचे सुमारे २३० कोटींचे करार रद्द झाले, कारण देशी म्हणवणाऱ्या ड्रोनमध्ये चिनी भाग होते. नाव कुणाचे आणि पेटी कुणाची, हा जुना प्रश्न आता मुठीएवढ्या सर्किटवर येऊन बसला आहे.

चांद्याच्या निर्माणीचे आज काय? १ ऑक्टोबर २०२१ ला केंद्राने आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. चांदा पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. कामगार संघटनांनी विरोध केला. संप रोखायला सरकारने कायदा आणला. पुण्याच्या प्रयोगशाळेने घडवलेल्या 'पिनाक' अग्निबाणाच्या कामात चांद्याचा हात आहे. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी पिनाकाच्या दारूगोळ्याचे १०,१४७ कोटींचे करार झाले, ते म्युनिशन्स इंडिया आणि नागपूरच्या एका खासगी कंपनीशी. आर्मेनियाने पिनाक विकत घेतले. २०२४-२५ मध्ये देशाची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींवर गेली. म्हणजे आता आपणही कुणाच्या तरी निकडीच्या वेळी भाव सांगणारे झालो आहोत. निर्यातीचा पैसा चांगला, पण परदेशी गिऱ्हाईक जास्त भाव देते म्हणून स्वतःच्या कोठाराचे दिवस कमी होऊ नयेत, एवढे भान हवे. युरोपच्या रिकाम्या कोठारांनी ते दाखवून दिले आहे.

विदर्भाचे खासदार लोकसभेत गाड्यांच्या थांब्यांबद्दल नेमाने प्रश्न विचारतात, विचारावेतच. त्यांनी आणखी तीन मागण्या लावून धराव्यात. परदेशी खरेदीचा करार जाहीर होताना तीस वर्षांच्या देखभालीचा अंदाजित खर्चही जाहीर व्हावा. फ्यूझला मिळाली तशी दहा वर्षांची लेखी मागणी भरणीला आणि बारुदालाही मिळावी, म्हणजे भद्रावतीतली यंत्रे कधी ओव्हरटाइम तर कधी ओस, असे चालणार नाही. आणि जवाहरनगर व बाजारगावच्या स्फोटांच्या चौकशीत जे आढळले ते, लष्करी गुपिते वगळून, कामगारांच्या भाषेत छापून प्रत्येक निर्माणीच्या फाटकावर लावावे.